फुकटातल्या सुखांचा हिशेब

वाशिंदला मे महिन्यातही नदीला पाणी असतं, आणि ते वाशिंदसाठी नसतं. शहापूर तालुक्यातल्या भातसा धरणातून सोडलेलं पाणी नदीच्याच पात्रातून खाली वाहत जातं. पुढे भिवंडी तालुक्यात पिसे इथे मुंबई महापालिका ते उचलते, पांजरापूरला शुद्ध करते आणि मुंबईकडे पाठवते. मुंबईला रोज लागणाऱ्या पाण्यातलं जवळपास निम्मं या वाटेनं येतं. आसपासचे ओढे मार्चमध्येच दगडगोटे उघडे टाकतात, भातसा मात्र वाहती राहते, ती मुंबईच्या तहानेमुळे. सकाळी आठच्या सुमारास पाच-सहा वर्षांची पोरं काठावर गुडघाभर पाण्यात उभी राहून एकमेकांना भिजवत असतात, तेव्हा दुसऱ्याच्या पाण्यात आपला खेळ उरकून घेत असतात.

संपादकांनी विषय दिला होता, ‘लहान मुलांच्या घरातली उन्हाळ्यातली छोटी सुखं’. या विषयासोबत एक समजूत न बोलावता येते. ही सुखं फुकटची असतात म्हणे. पाणी नदीचं, सावली झाडाची, करवंदं रानातली, सुटी शाळेची. पण लहान मूल स्वतःहून नदीवर जात नाही, स्वतःचं पन्हं करत नाही आणि रात्री मांडवात झोपलं तर उठून घरी येत नाही. त्याच्या प्रत्येक सुखामागे कोणीतरी उभं असतं. ते कोण आणि त्याला काय पडतं, हे बघायला मी वाशिंदला गेले.

आगगाडी जिथे थांबली होती

वाशिंदच का? मुंबईचा उन्हाळा आणि गावचा उन्हाळा इथे एकाच फलाटावर उतरतात म्हणून. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, १८५४ साली ती कल्याणला पोहोचली आणि १८५५ साली वाशिंदला. पुढे आसनगावला जायला १८६० उजाडलं, कसाऱ्याला १८६१. म्हणजे काही वर्षं या बाजूची आगगाडी वाशिंदलाच संपत होती. आज कसारा लोकल इथे मिनिटभर थांबते आणि पुढे जाते, पण उतरणारी गर्दी मोठी आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून हे अंतर साधारण ८० किलोमीटर, प्रवास जवळजवळ दोन तासांचा. मुंबईत घर परवडत नाही म्हणून कल्याण, मग टिटवाळा, मग खडवली आणि मग वाशिंद, अशी नोकरदार कुटुंबं सरकत आली आहेत.

त्यामुळे इथे लहान मुलांची घरं दोन तऱ्हेची आहेत. गावठाणात आगरी-कुणब्यांची जुनी घरं, पुढे अंगण, मागे परसू, एका हाकेवर आजी, चुलती, आत्या. आणि स्टेशनच्या आसपास चार-पाच मजली इमारती, जिथे आई-बाप दोघंही पहाटेची लोकल धरतात आणि मूल गावाहून आणलेल्या आजीकडे किंवा शेजारच्या मावशीकडे असतं. सुटीत आणखी एक तिसरी जात येते, ती पाहुण्या भाचरांची. ठाणे-मुंबईच्या कितीतरी मुलांचं आजोळ आता कोकणात किंवा देशावर नसून कसारा लाइनवर आहे.

धुणं संपलं की पोहणं संपलं

नदीवरच्या खेळाला वेळापत्रक आहे, आणि ते मुलांनी ठरवलेलं नाही. बायका धुणं घेऊन काठावर येतात तेव्हा पोरं मागे येतात. धुणं पिळून बादलीत गेलं की पोरांनाही बाहेर काढलं जातं. आई, काकू, शेजारीण ओळीनं दगडांवर बसलेल्या असतात, हात कपड्यांवर आणि डोळे पाण्यावर. ‘खोलात जायचं नाही’ हे वाक्य इतक्या तोंडांतून इतक्या वेळा येतं की मुलं ते ऐकेनाशी होतात. मग एखादी आजी नुसतंच नाव घेते, त्यावर मात्र सगळी मागे सरकतात.

या पहाऱ्याला कारण आहे. खडवलीपासून वरच्या पट्ट्यात सहलीला आलेली माणसं बुडाल्याच्या बातम्या दर मोसमात येतात. पात्र वरून शांत दिसतं, पण वाळू उपसून झालेले खड्डे दिसत नाहीत, आणि वरून सोडलेल्या पाण्याचा जोर कमी-जास्त होतो. गावातल्या मुलाला कोणता दगड कधी बुडतो हे ठाऊक असतं. सुटीत आलेल्या भाच्याला ते शिकवावं लागतं, म्हणून पहिले काही दिवस त्याचा हात मामेभावाच्या हातात दिलेला असतो.

आता वॉशिंग मशीन घरोघर आली. बाईची कंबर वाचली, हे चांगलंच झालं. पण मशीननं धुणं घरात नेलं तसा नदीवरचा पहाराही घरात गेला. ज्या घरांतून आता कोणी धुवायला जात नाही, त्या घरांतली लहान मुलं नदीवरही जात नाहीत. पोहायला शिकायची जागा दारात असून ती शिकवायला कोणाकडे सकाळ उरलेली नाही.

याच तालुक्यात कित्येक पाड्यांवर उन्हाळा म्हणजे टँकर. तानसा आणि भातसा, मुंबईचे दोन मोठे जलाशय शहापूर तालुक्यात आहेत. तानसा तर १८९२ पासून मुंबईला पाणी देतो. आणि डोंगराच्या कुशीतल्या वस्त्यांवर विहिरीत टँकर रिकामा होतो तेव्हा बाया-पोरी हंडे घेऊन धावतात. तिथे पाण्याशी खेळलेलं मूल मार खातं. एकाच तालुक्यात पाणी उडवणं हे कुठे सुख असतं, कुठे गुन्हा.

दहाच्या आत

उन्हाळ्यात घर पहाटेच जागं होतं, कारण वाळवणाला सकाळचं ऊन पकडायचं असतं. ठाणे जिल्हा भाताचा, म्हणून गावठाणातलं वाळवणही तांदळाचं. फेण्यांसाठी तांदूळ तीन दिवस भिजत घालतात, रोज पाणी बदलतात, मग वाटून त्याचं पातळ पीठ करतात. ते पानावर किंवा ताटलीवर पसरून वाफवायचं आणि अलगद सोलून साडीवर वाळत घालायचं. पापडासाठी पाणी उकळून त्यात जिरं, मीठ, पापडखार आणि तांदळाचं पीठ घालून उकड काढतात. ही उकड गरम असतानाच मळावी लागते, तळहात लाल होतात.

आणि नेमकी हीच मुलांची मेजवानी. उकडीचा गोळा, वर तेलाची धार, जमलंच तर लसणाची चटणी. पापड लाटणाऱ्या बायकांभोवती पोरं घिरट्या घालतात. एक लाटी मागून, दुसरी न मागता. इमारतींच्या गच्च्यांवर याच दिवसांत गव्हाच्या कुरडया पडतात, कारण तिथे राहायला आलेल्यांत नाशिक-खानदेशाकडची घरंही आहेत. तिथली पोरं कुरडयांचा चीक वाटीत घेऊन जिन्यावर बसतात. मे महिन्यात वाशिंदच्या गच्चीवरून खाली पाहिलं तर कोण कुठून आलं ते वाळवणावरून सांगता यावं.

लहानांना यात काम असतं. काठी घेऊन कावळे आणि शेळ्या हाकायच्या. चार-पाच वर्षांच्या मुलाला खरंखुरं, घराला गरजेचं असं काम वर्षात क्वचित मिळतं. ते मिळालं की मूल ताठ बसतं. अर्ध्या तासात राखणदारच दोन अर्धओल्या फेण्या खाऊन टाकतो हा भाग निराळा. त्याची तूट धरूनच पीठ भिजवलेलं असतं.

ही सगळी आगोटीची तयारी. पाऊस लागण्याआधी घरात मसाला, सुकी मासळी, लाकूडफाटा भरून ठेवायचा. मिरच्या भाजल्या जातात तेव्हा आळीभर ठसका उठतो आणि पोरांना नदीकडे पिटाळलं जातं. बाजारातून सुकट, बोंबील, जवळा आणून पुन्हा उन्हं दाखवली जातात. शेतावर याच सुमाराला राब भाजतात. पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून रोपांची जागा जाळून घेतात. मुलांना यातलं काम दिसत नाही, वास लक्षात राहतो. मोठ्यांना तो वास आला की पुढे आणखी काय काय उरकायचंय ते आठवतं.

कोंबडा की कोंबडी

करवंद हातात धरायचं, समोरच्याला विचारायचं, ‘कोंबडा की कोंबडी?’ आणि फोडायचं. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढुरकं निघालं तर कोंबडी. हरलेल्यानं आपलं करवंद द्यायचं. या खेळाला ना पट लागतो ना सेल, आणि हरणाऱ्यालाही अखेर करवंदंच खायला मिळतात.

रानमेव्याचा क्रम ठरलेला आहे. आधी मोहाची फुलं, मग तोरणं, करवंदं, आळू, रायवळ आंबे, फणस आणि पावसाच्या तोंडाशी जांभळं. रायवळ आंबा कापायचा नसतो, हातात दाबून माचायचा आणि देठाकडून चोखायचा. अंगावर ओघळणार हे धरून मुलांना आधी उघडं करतात, बनियन नंतर घालतात. फणस बरका की कापा यावर घरात दोन पक्ष पडतात. आठळ्या चुलीच्या राखेत भाजल्या जातात, आणि ज्यांच्याकडे चूल नाही ते कुकरमध्ये उकडून समाधान मानतात.

स्टेशनच्या बाहेर करवंदं पानांच्या द्रोणात मिळतात. विकणाऱ्या बहुतेक ठाकूर, कातकरी बाया. करवंदाची जाळी काट्यांची, तोडलं की देठातून चिकट पांढरा चीक येतो. ऊन तापायच्या आत टोपली भरायची म्हणून त्या अंधारातच रानात शिरतात, मग चालत रस्त्यावर आणि तिथून मिळेल त्या गाडीनं स्टेशनला. काही जणी लोकलनं कल्याणपर्यंत जातात. द्रोण वीस रुपयांना म्हटलं की गिऱ्हाईक दोन द्रोण तीसला मागतं. त्यांच्या हातांवरचे ओरखडे कोणी मोजत नाही. टोपलीमागे लहान पोर बसलेलं असतं, ते मात्र करवंदं खाताना दिसत नाही. विकायचा माल खायचा नसतो, हे त्याला आपल्या मुलांच्या किती आधी कळलेलं असतं.

जाळ्यांची जागाही आक्रसते आहे. माळावर प्लॉट पडतात, डोंगरउतारावर सुटीचे बंगले येतात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, तो याच तालुक्यातून जातो. रस्ता आला की जमिनीला भाव येतो, आणि करवंदाच्या जाळीला सातबाऱ्यावर कधीच जागा नव्हती.

बारा ते चार

वाशिंद समुद्रापासून आत आहे. समुद्राचा वारा इथे उशिरा आणि दमून पोहोचतो, म्हणून मुंबईत पारा ३४-३५ अंशांवर असतो तेव्हा या पट्ट्यात तो ४० च्या घरात जातो. लहान मुलांचं अंग वजनाच्या मानानं मोठ्या पृष्ठभागाचं असतं आणि त्यांना घाम कमी येतो, त्यामुळे ती मोठ्यांपेक्षा लवकर तापतात. दुपारी मुलांना घरात कोंडणं हा शिस्तीचा नाही, तब्येतीचा भाग आहे.

या हवेचा एक फायदा आहे. माठातलं पाणी गार होतं ते भिंतीतून झिरपून वाफ होणाऱ्या पाण्यामुळे. हवा जितकी कोरडी, तितकं पाणी गार. दमट मुंबईत माठ नुसता घाम गाळतो, वाशिंदच्या कोरड्या दुपारी तो काम करतो. त्यात वाळ्याची जुडी टाकली की पाण्याला वास येतो आणि ‘पाणी पी’ म्हणून मागे लागावं लागत नाही. खिडकीला ओल्या चादरीचं पांघरूण हीही तीच युक्ती.

कैरी उकडून, गर कुस्करून, गूळ, मीठ, वेलची घातलेलं पन्हं हे दुपारचं चलन. साखर आणि मीठ सोबत गेलं की आतडी पाणी भराभर शोषून घेतात. दवाखान्यातली ओआरएसची पुडीही याच तत्त्वावर चालते. इमारतीत याच वेळी बाल्कनीत प्लास्टिकच्या टबात वर्ष-दीड वर्षाचं बाळ बसवलेलं असतं. टबाच्या पाण्यावरून एखाद्या घराचा अख्खा दिवस वाचता येतो. बाळाची अंघोळ झाली की त्यातच फडकी बुचकळायची, मग ते पाणी संडासाला. उन्हाळ्यात बोअर आटली की सोसायट्यांत टँकर येतात, म्हणून टब कितीही आवडो, तो अर्धाच भरला जातो.

आणि मध्येच वीज जाते. पंखा थांबला की आजी पुठ्ठ्यानं वारा घालायला लागते. तिचा हात थांबला की बाळ झोळीत चुळबुळतं, हात हलला की झोपतं. दोनदा तिची मान कलते, दोनदा ती सावरते. मुलांची दुपारची झोप ही उन्हाळ्यातली सर्वांत महाग वस्तू आहे, आणि ती विकत घेणारी स्वतः जागी असते. चार वाजता पोरं उठतात तेव्हा पन्हं तयार असतं. म्हणजे साडेतीनला कोणीतरी उठलेलं असतं.

मोबाइल आहेच. तो दिला की दोन तास घर शांत. शहाणपणा सांगणाऱ्यांनी एक दुपार चाळीस अंशांत तीन मुलं सांभाळून बघावी आणि मग बोलावं. तरी इथल्या घरांत एक व्यवहारी नियम दिसला. ऊन असेतो मोबाइल, सावली पडली की बाहेर. घड्याळाऐवजी भिंतीची सावली बघायची असल्यानं वाद घालायला जागा राहत नाही.

डबे मोजणारी पलटण

पाच वाजले की गल्लीत लगोरी, डोंगर-पाणी, अंडरआर्म क्रिकेट. गोळेवाल्याची घंटा वाजते आणि काला खट्टाचे ओठ घेऊन पोरं घरी येतात. अगदी लहानांची सहल मात्र ठरलेली, स्टेशन. तीन ते सहा वर्षांची मुलं आणि त्यांचे आजोबा पुलावर किंवा फलाटाच्या टोकाला उभे असतात. लांब पल्ल्याची गाडी थांबत नाही, वारा मारून जाते, तेव्हा मूल आजोबांचं धोतर किंवा पँट घट्ट धरतं आणि ती गेल्यावर ‘परत’ म्हणतं. मालगाडीचे डबे मोजताना तिशीनंतर आकडे घसरतात. निवृत्त रेल्वेवाले आजोबा लाभले तर ज्ञानही मिळतं. पुढे कसाऱ्याहून थळघाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट, म्हणून गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. चार वर्षांच्या मुलाला हे पक्कं पटतं. त्यालाही जिना चढताना मागून ढकलावं लागतं.

याच फलाटावर सात-साडेसातनंतर दुसरी वाट पाहिली जाते. मुंबईहून आलेली लोकल रिकामी होते आणि गर्दीतून एक बाई पर्स छातीशी धरून उतरते. मूल तिच्या अंगावर झेपावतं. पहाटे ती निघाली तेव्हा ते झोपलेलं होतं. सुटीच्या अख्ख्या दिवसात त्यानं जे जे केलं ते ती आता पंधरा मिनिटांच्या चालीत ऐकते. रविवार हा तिचा वार, पण रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणून पाहुणे उशिरा येतात आणि लवकर निघतात. कित्येक घरांतलं आजोळ मध्य रेल्वेच्या वेळापत्रकावर चालतं.

मांडवाखाली

मे म्हणजे लग्नं, आणि आगरी घरांत लग्नाहून मोठी हळद. मांडवाला आंब्या-जांभळाचे डहाळे येतात, आणि जिथे परंपरा टिकली आहे तिथे धवलारीण बसून धवले गाते. लग्नविधी गाण्यातून पार पाडणारी ही बाई, तिचा आवाज आता डीजेशी झुंजतो. मुलांना दोन्ही चालतं. रात्री अकराला जागं राहायची परवानगी हेच त्यांचं मुख्य सुख. हळद कोणाला लावायची याचं त्यांना बंधन नसतं, नवरदेवासोबत सगळेच पिवळे होतात. बाराच्या पुढे सतरंजीवर एकेक आडवं पडतं. कोणाचं मूल कोणाच्या मांडीवर आहे हे पाहायची गरज पडत नाही. सकाळी प्रत्येक जण आपापलं उचलतो. इमारतीतून आलेल्या एकुलत्या मुलाला हे नवं असतं, दहा-बारा भावंडांच्या रांगेत विनातक्रार झोपणं.

ज्यांची सुटी पावसात लागते

निकाल १ मेच्या सुमारास, शाळा जूनच्या मध्याला. सुटीचं हे माप सगळ्यांचं नाही. दिवाळीनंतर शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्यांवरून कुटुंबंच्या कुटुंबं भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मालकाकडून घेतलेली उचल फेडायची असते. उन्हाच्या आधी काम व्हावं म्हणून विटा थापायला मध्यरात्रीनंतर सुरुवात होते, आणि झोपडीत मूल एकटं ठेवता येत नाही म्हणून तेही बापाच्या कामाशेजारी गोधडीत असतं. थोडं मोठं झालं की विटा उलट्या करतं, वाळलेल्या रचतं. विधायक संसद या संस्थेनं अशा मुलांसाठी भट्ट्यांवरच ‘भोंगा शाळा’ चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची ती कच्ची झोपडी.

पावसाची चाहूल लागली की भट्ट्या बंद होतात आणि माणसं वाडीवर परततात. इतर मुलांची सुटी संपत येते तेव्हा या मुलांची लागते. पहिल्या पावसात ओढ्याला वर चढणारे मासे धरणं, खेकडे काढणं, चिखलात लोळणं हा त्यांचा उन्हाळा. सुखाच्या बाबतीत ती अडाणी नाहीत, फक्त त्यांच्या सुखाची तारीख भट्टीमालकाच्या वहीत ठरते.

हिशेब

सगळं जोडून पाहिलं तर वाशिंदच्या उन्हाळ्यात मुलांच्या सुखावर पैसा फार थोडा खर्च होतो. खर्च होते ती मोठ्यांची, त्यातही बायकांची, सकाळ आणि दुपार. शाळा बंद म्हणजे पोषण आहाराची खिचडी बंद, घरी एक जेवण जादा. आगोटीची कामं याच महिन्यात, लग्नं याच महिन्यात, पाहुणे याच महिन्यात. सुटी मुलांची, आणि ती साजरी करून देणाऱ्यांना वर्षातलं सर्वांत जास्त काम.

यातला काही भार गावाला उचलता येईल. नदीकाठी उथळ जागा आखून देणं, वरून पाणी जास्त सोडणार असतील तर भोंगा वाजवणं, सकाळी दोन तास पोहायला येणाऱ्या मुलांवर लक्ष ठेवायला एखादा पट्टीचा पोहणारा मानधनावर नेमणं, स्टेशनच्या रस्त्यावर उरलेली झाडं राखणं, करवंदवाल्या बायांना बसायला सावलीची हक्काची जागा देणं. एवढं ग्रामपंचायतीच्या एका ठरावात बसतं. भट्टीवरच्या मुलांचा प्रश्न मोठा, त्याला सरकार लागेल.

राहता राहिली साडेतीनला उठून कैऱ्या कुस्करणाऱ्या बाईची झोप. ती कोणत्याही ठरावात बसत नाही. त्यासाठी घरातल्या दुसऱ्या कोणालातरी पन्हं करता यायला हवं, आणि ते शिकायला मे महिना पुरेसा आहे.